सोलापूरचा भुईकोट कसा बघावा

पहिलं सांगतो, गेटमधून थेट आत शिरू नका. आधी बाहेरून एक फेरी मारा. पाहुणे दरवेळी म्हणतात, "बाहेर काय आहे ओ, भिंतच तर आहे." अहो, भिंत बघायलाच तर आलाय की तुम्ही! आत हिरवळ आहे, झाडाखाली अभ्यासाला बसलेली पोरं आहेत, आणि अभ्यासाला न बसलेलीही आहेत. सहाशे वर्षांची भांडणं मात्र बाहेरच्या अंगाला दिसतात.

मी काही इतिहासाचा मास्तर नाही. एसटीत तीस वर्षं कंडक्टरी केली. विजापूर, नळदुर्ग, उमरगा, बार्शीवरून परांडा, असे रूट. एकाच गाडीत "पुढं सरका", "मुंदक होग्री" आणि "मुंदुकु पोंडी" असं तीन भाषांत ओरडायची सवय होती. हा मुलूख तीन राज्यांच्या सांध्यावर बसलाय हे मला पुस्तकाआधी गाडीच्या पॅसेजमध्ये कळलं. रिटायर झाल्यावर रोज सकाळी किल्ल्याभोवती फिरायला लागलो. मग वाचनालयातून जुनं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचं सरकारी पुस्तक, आणलं आणि एकेक दगड ओळखायला लागलो. आता नात सुट्टीला आली की तिच्या मैत्रिणींना फिरवतो. त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितोय.

वेळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडं पारा चाळिशीच्या वर असतो आणि तटावर सावली नावालाही नसते. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. तेव्हा या बाजूला पाय ठेवायला जागा नसते. यात्रा जरूर बघा, नंदीध्वज बघा, पण त्या दिवशी किल्ल्याचा बेत करू नका. किल्ला पुरातत्त्व खात्याकडं आहे. उघडायची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. स्टेशनवरून रिक्षावाल्याला "किल्ला, हुतात्मा बागेपाशी" एवढं सांगितलं की पुरे.

सोबत पाणी, लहान टॉर्च, वही-पेन्सिल आणि बूट. बुटाचं मी स्वतःच्या गुडघ्यावरून सांगतोय. एकदा पावसाळ्यानंतर चपला घालून तटाच्या पायऱ्या चढलो. शेवाळावरून जो घसरलो तो तीन पायऱ्या खाली येऊन बसलो. नात आधी हसली, मग रडली. तेव्हापासून बूट.

आता फेरी. पूर्वेकडून, सिद्धेश्वर तलावापासून सुरुवात करा. देवळाच्या बाजूला उभं राहून किल्ल्याकडं बघा. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी हा तलाव खोदवला असं सगळे मानतात, आणि किल्ला त्यानंतरचा, बहामनी काळातला, म्हणजे चौदाव्या शतकाच्या सुमाराचा. थोडक्यात, तलाव आधी आणि किल्ला मागून येऊन त्याला टेकला. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं उलगडतं.

डोंगरी किल्ल्याला कडा राखतो. इथं डोंगर कुठंय? चारी दिशांना काळी रानं, सपाट. घोडेस्वार चार कोसांवरून दिसणार हे खरं, पण तो थेट भिंतीपर्यंत येणार हेही तितकंच खरं. मग कड्याचं काम पाण्यावर सोपवलं. पूर्वेला आयता तलाव, उरलेल्या तीन बाजूंना खंदक. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये या खंदकाची रुंदी शंभर ते दीडशे फूट आणि खोली पंधरा ते तीस फूट दिलीय. आज काठावर उभं राहिलं तर तेवढा वाटत नाही, काही ठिकाणी गाळ आहे, काही ठिकाणी झाडी. म्हणून मी मुलींना एक खेळ सांगतो. काठाकाठानं दीडशे फूट पावलांनी मोजायचे, साधारण साठ पावलं, आणि मग मागं वळून बघायचं. एवढं अंतर पाण्यातून, अंगावर हत्यारं घेऊन, वरून गोळ्या येत असताना. त्यानंतर कुणी "बारका खंदक आहे" म्हणत नाही.

फेरी मारताना तटाकडं तीन गोष्टींसाठी बघा.

एक म्हणजे सांधे. तट एकसारखा नाही. कुठं घडीव मोठे दगड, मध्येच ओबडधोबड दगडांचा पट्टा, वरच्या थरांत वेगळंच बांधकाम. जिथं दगडाचा आकार बदलतो तिथं थांबा. तिथं काहीतरी पडलं होतं आणि कुणीतरी ते परत उभं केलं होतं. सरहद्दीवरचा किल्ला सारखा मार खातो आणि सारखा दुरुस्त होतो. राजधानीच्या किल्ल्याला मिरवायला वेळ असतो, याला डागडुजीतून उसंत नाही. माझ्या गाड्या अशाच होत्या, एका बाजूचा पत्रा नवा, दुसऱ्या बाजूचा जुना. पत्रा बघून कुठल्या घाटात काय झालं ते आम्ही सांगायचो.

दुसरी गोष्ट, परक्या जागेवरून आलेले दगड. तटात मधूनमधून देवळाचे कोरीव दगड बसवलेले दिसतील, कुठं शिल्पाचा तुकडा, कुठं नक्षीचा पट्टा, कधी आडवा बसवलेला. पोरं विचारतात, हे मुद्दाम केलं का? कुठं मुद्दाम असेल, कुठं नुसती घाई. घडवलेला दगड जवळ पडलेला असताना बांधकामावरचा माणूस खाणीपर्यंत बैल पाठवत नाही. किल्ल्याच्या आत कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाच्या जुन्या देवळाचे अवशेष उघडे पडलेत, तेही याच नजरेनं बघा. काही बुरुजांवर फारसी लेख आहेत. खडूनं गिरवू नका, पाणी मारू नका. सकाळचं तिरपं ऊन पडलं की अक्षरं आपोआप उठून दिसतात. तेव्हा फोटो काढा.

तिसरी गोष्ट, तटातली भोकं. त्यांना जंग्या म्हणतात. सगळ्या जंग्या सारख्या नसतात. आतून एखादीला डोळा लावा. काहींतून लांबचं दिसतं, काहींतून फक्त भिंतीचा पायथा. लांबच्या माणसासाठी पहिल्या, आणि खंदक ओलांडून भिंतीला चिकटलेल्यासाठी दुसऱ्या, खाली उतरत्या. तोफेसाठी ठेवलेली फट यांहून पुष्कळ रुंद असते. कुठल्या बाजूला कुठली भोकं जास्त आहेत ते वहीत टिपा. धाक कुठल्या बाजूचा होता याचा अंदाज तुमचा तुम्हालाच बांधता येईल.

आता आत चला. दरवाज्यापाशी सावकाश. वाट सरळ आत जात नाही, वळते. वळणावर शत्रूचा हत्ती धाव घेऊ शकत नाही आणि त्याची कूस तटावरच्या लोकांपुढं उघडी पडते. दाराच्या आतल्या अंगाला पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत, त्यात दोन मिनिटं बसून बघा. मे महिन्यातसुद्धा गार लागतात. रखवालीची नोकरी कशी असते ते मला ठाऊक आहे, रात्रीच्या डेपोत मीही बसलोय. म्हणून मला या देवड्या बुरुजापेक्षा आवडतात.

तट दुहेरी आहे. बाहेरचा जरा बुटका, आतला त्याच्यावरून डोकावणारा. दोघांच्या मध्ये गल्ली. बाहेरचा तट हातचा गेला तर शत्रू त्या गल्लीत उतरणार आणि आतल्या तटावरचे लोक त्याला वरून टिपणार. शिवाय दोन्ही तटांवरून एकाच वेळी मारा करता येतो, मागच्यांच्या गोळ्या पुढच्यांच्या डोक्यावरून जातात. गल्लीत उभं राहून एकदा वर बघितलं की समजावून सांगायची गरज उरत नाही.

आतलं बाकी लवकर आटपतं. बत्तीस खांबांची जुनी वास्तू आहे, तिचे खांब मोजा, पोरांना काम मिळतं. देवळाचे अवशेष वर सांगितलेच. तोफा दिसल्या तर वर बसून फोटो काढू नका, एवढंच.

खरी मेहनत पुढं आहे. किल्ला कुणाचा होता? हा प्रश्न मला सगळे विचारतात आणि एका नावात उत्तर मागतात. ते मिळत नाही. म्हणून मी वहीत वेबिल काढायला सांगतो. कंडक्टर जसं लिहितो, कुठून चढला, कुठं उतरला, तसं. किल्ला हा प्रवासी समजा आणि प्रत्येक मालक हा एक टप्पा.

तटावर चढा, मोबाईलमधलं होकायंत्र उघडा. दक्षिणेकडं तोंड करा. साधारण शंभर किलोमीटरवर विजापूर, आदिलशाहीची राजधानी. पूर्वेकडं, जरासं आग्नेयेला वळा, तेवढ्याच अंतरावर कलबुर्गी, बहामन्यांची पहिली राजधानी. मग वायव्येला, दोनशेच्या वर किलोमीटरवर अहमदनगर (आताचं अहिल्यानगर), निजामशाहीचं गाव. नगर सीनेच्या काठी वसलं आणि तीच सीना खाली वाहत येऊन सोलापूरच्या शेजारून भीमेला मिळते. विजापूरकरांना सोलापूर म्हणजे घरचा उंबरा. नगरकरांना मात्र विजापूरच्या उंबऱ्यावर ठेवलेला पाय. एवढं कळलं की पुढच्या तारखा पाठ कराव्या लागत नाहीत.

बहामनी राज्य फुटायला लागलं तेव्हा इथं जैनखान नावाचा सरदार होता आणि परांड्याला त्याचा भाऊ ख्वाजाजहान. दोघांत अकरा परगण्यांचा वाद. अर्धे अर्धे केले तर साडेपाच. हा "साडेपाच" आकडा लक्षात ठेवा, तो पुढं पन्नास वर्षं पाठ सोडत नाही. १५११ मध्ये विजापूरचा कारभारी कमालखान यानं वेढा घालून जैनखानाकडून सोलापूर आणि ते साडेपाच परगणे घेतले.

वेबिलावर पहिली ओळ झाली. आता लग्नं.

इथं मी कितीतरी वर्षं चूक केली, ती कबूल करतो. मी ऐटीत सांगायचो की चांदबिबीच्या लग्नात सोलापूर हुंड्यात द्यायचं ठरलं, दिलं नाही, म्हणून लढाया पेटल्या. एकदा नातीच्या मैत्रिणीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आबा, लढाई आधी आणि चांदबिबी नंतर, असं कसं काय ओ?" तिनं मोबाईलवर तारखा काढल्या होत्या. मी दोन लग्नांचं एक करून टाकलं होतं.

पहिलं लग्न १५२४चं, आणि तेही सोलापुरातच लागलं. विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम, नवरदेव नगरचा बुऱ्हाण निजामशहा. नगरकरांचं म्हणणं, सोलापूर आणि साडेपाच परगणे नवरीबरोबर द्यायचं ठरलंय. विजापूरकर म्हणाले, असं काही ठरलंच नव्हतं. मांडवातली ही बोलाचाली आपल्याकडं घरोघर होते. फरक इतकाच की पुढल्या वर्षी नगरची फौज वऱ्हाडच्या इमादशहाला घेऊन चालून आली, आणि मार खाऊन परत गेली. भांडण मिटलं नाही. विजयनगरच्या रामरायाची साथ मिळाल्यावर बुऱ्हाणशहानं शेवटी सोलापूर घेतलंच.

दुसरं लग्न त्यानंतर चाळीसेक वर्षांनी. आता डाव उलटा. त्याच रामरायाविरुद्ध सुलतानांना एक व्हायचं होतं. नगरच्या हुसेन निजामशहानं आपली लेक चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला दिला. अलीची बहीण नगरच्या घरात गेली. मग जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली आणि त्यात रामराया पडला. म्हणजे हा एकच किल्ला एकदा विजापूरच्या मुलीबरोबर नगरला जायचा होता आणि गेला नाही, नंतर नगरच्या मुलीबरोबर विजापूरला खरंच गेला. ही चांदबिबी पुढं माहेरी परतली आणि तिनं १५९५-९६ मध्ये मोगलांपासून नगरचा किल्ला लढवला. वेढ्यात किल्ला कसा राखतात, हे त्या बाईला हुंड्यात मिळालेलं शिक्षण असावं, असं आपलं मी म्हणतो. पुस्तकात नाही ते.

दोन लग्नांच्या मध्ये वहीत एक आडवी रेघ ओढा. माझ्यासारखी गल्लत होणार नाही.

पुढचे टप्पे भराभर लिहा. भातवडीच्या लढाईनंतर, १६२५ मध्ये, निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर यानं सोलापूर नगरच्या बाजूला घेतलं. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली, शहाजहानशी तह झाला आणि किल्ला परत विजापूरकडं आला. १६६८ मध्ये आदिलशहानं तो तहात मोगलांना दिला. त्या वर्षी विजापूरचं दार उघडलं असं समजा, कारण औरंगजेब मे १६८५ पासून जून १६८६ पर्यंत सोलापुरातच ठाण मांडून होता आणि इथून विजापूरच्या वेढ्याची सूत्रं हलवत होता. सप्टेंबर १६८६ मध्ये विजापूर पडलं. मग निजाम, मग पेशवे.

शेवटची ओळ १८१८. पेशवाई संपत आली होती. दुसरा बाजीराव पळत होता, पण त्याचं पायदळ आणि तोफा गणपतराव पानश्यांच्या हाताखाली या किल्ल्याच्या आसऱ्याला होत्या. पानसे म्हणजे पेशव्यांच्या तोफखान्याचं घराणं. जनरल मन्रो मे महिन्यात इथं आला. दहा तारखेला इंग्रजांनी शिड्या लावून पेठ, म्हणजे किल्ल्याबाहेरचं गाव, घेतली. बाहेरची पेशव्यांची फौज उठून चालू लागली, तिचा पाठलाग झाला, आणि पंधरा तारखेला किल्ला इंग्रजांच्या हाती आला. पाच दिवस. मे महिन्यातल्या सोलापुरात बाहेर तोफा ओढणं काय असतं ते मन्रोच्या गोऱ्या सोल्जरांना विचारायला हवं होतं. ३ जूनला बाजीराव इंग्रजांच्या माल्कम साहेबाच्या स्वाधीन झाला. ना आदिलशाही उरली, ना निजामशाही, ना पेशवाई. सरहद्दच गेली म्हटल्यावर सरहद्दीच्या किल्ल्याला काम उरलं नाही.

(बाहेर पडताना "हुतात्मा बाग" या नावापाशी थांबा. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला होता. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी दिलं. ते या किल्ल्याच्या वेबिलात बसत नाही, पण सोलापूरकराबरोबर आलात तर हे ऐकल्याशिवाय सुटका नाही.)

एक दिवस हाताशी जास्त असेल तर पुढचं करा. एकटा भुईकोट बघून सरहद्द कळत नाही, शेजारची ठाणीही बघावी लागतात.

नळदुर्ग सोपं आहे. हैदराबाद रोडची कुठलीही गाडी धरा, तासाभरात उतरवते. तिथं बोरी नदीवर धरण बांधून पाणी किल्ल्याच्या अंगाला आणलंय आणि धरणाच्या पोटातच पाणीमहाल आहे. १६१३चा लेख आहे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. सोलापुरात पाणी आयतं होतं म्हणून किल्ला पाण्याकडं गेला, नळदुर्गात पाणी ओढून किल्ल्याकडं आणलं. दोन्ही एकाच आठवड्यात बघितले तर हा फरक डोळ्यांत भरतो. सगळं बघून झाल्यावर शेवटी उपळ्या बुरुजावर चढा, आधी चढलात तर पायांत जीव राहत नाही.

परांड्याला बार्शीवरून जा. जैनखानाच्या भावाचा किल्ला तो हाच. खंदक बघा, तोफा बघा, आणि इथून गेलेली एक तोफ बघायला नंतर विजापूरला जा, मुलूख-ए-मैदान. १५४९ मध्ये नगरला ओतली, परांड्यावर होती, १६३२ मध्ये विजापूरला नेली. नगर, परांडा, विजापूर. हीच ती ओढाताण, फक्त पंचावन्न टन वजनाची. तिच्या तोंडाशी सिंहाचा जबडा आहे, त्यात हत्ती सापडलाय.

मंगळवेढ्याच्या बाजूला जाणार असाल तर भीमेकाठी माचणूरही आहे. तिथं औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ होती. विजापूर बुडवून नऊ वर्षं झाली होती तरी बादशहा सोलापूरच्या आसपासच फिरत होता, मराठ्यांच्या मागं. भीमेच्या घाटावर सिद्धेश्वराचं देऊळ आणि वर छावणीचा किल्ला. संध्याकाळी घाटावर गार वारा असतो. कडक भाकरी आणि शेंगा चटणी सोलापुरातूनच बांधून घ्या, पाण्याची बाटली भरून घ्या, आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आधी कंट्रोलरला विचारून ठेवा.